समुद्रातलं सूक्ष्म शेवाळ घरच्या मायक्रोस्कोपखाली कसं बघायचं, आणि बघताना नेमकं काय समजून घ्यायचं

समुद्राचं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उजेडासमोर धरलं की काहीच दिसत नाही, फार तर किंचित गढूळ वाटतं. पण त्याच ग्लासात लाखो पेशी जिवंत असतात, उन्हावर जगत असतात आणि त्यातल्या बऱ्याच रोज एकाच्या दोन होत असतात. हे म्हणजे वनस्पती प्लवक, फायटोप्लँक्टन. प्लँक्टन हा शब्द व्हिक्टर हेन्सन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८७ साली आणला, मुळात ग्रीक, अर्थ भटकणारे, कारण ही मंडळी प्रवाह नेईल तिकडे जातात. वनस्पती म्हणायचं ते सोयीसाठी, कारण यातले काही चक्क बॅक्टेरिया आहेत आणि बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांचं झाडांशी नातं फार लांबचं आहे, पण काम झाडांचंच करतात. अख्ख्या पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषणातून दरवर्षी जेवढा कार्बन सजीवांच्या अंगात बांधला जातो त्यातला जवळजवळ निम्मा, म्हणजे ४५ ते ५० अब्ज टन, हे एवढेसे जीव बांधतात, आणि गंमत म्हणजे त्यांचं एकूण वजन जमिनीवरच्या झाडाझुडपांच्या एक टक्कासुद्धा भरत नाही. झाड लाकूड साठवून ठेवतं, इथे साठवण नाहीच, आज बनलेली पेशी आठवड्याभरात कोणीतरी खाल्लेली असते नाहीतर बुडालेली असते.

हे सगळं नुसतं वाचून जेवढं कळतं त्यापेक्षा एकदा थेंबात बघून कितीतरी जास्त कळतं, म्हणून हे लिहितोय. शाळेतल्यासारखा साधा मायक्रोस्कोप, एक जाळी, दोन बाटल्या, एवढ्यावर सुरू होतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा म्हणजे पुढचं सगळं त्याच्यावर टांगता येतं. समुद्रात उजेड वर असतो आणि खत खाली असतं. ऊन अगदी स्वच्छ पाण्यातसुद्धा २०० मीटरच्या आसपास कामापुरतं संपतं, किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्यात तर काही मीटरमध्येच. आणि नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका हे सगळं खालच्या अंधाऱ्या पाण्यात साठलेलं, कारण वरचं मेलेलं सगळं बुडून तिथेच कुजतं. म्हणजे या पेशींनी वर राहायचं तर उपाशी, खाली जायचं तर अंधार. मायक्रोस्कोपखाली जे काटे, साखळ्या, शेपट्या, तेलाचे थेंब दिसतील ना, ते बरेचसे याच अडचणीवरचे वेगवेगळे तोडगे आहेत.

कधी आणि कुठे गोळा करायचं

वरच्याच नियमातून उत्तर मिळतं. जिथे खालचं पाणी वर येतं, किंवा वाऱ्याने पाणी ढवळून नंतर शांत ऊन पडतं, तिथे आणि तेव्हा भरपूर मिळेल. थंड प्रदेशात हिवाळ्याची वादळं पाणी ढवळतात आणि वसंतात ऊन वाढलं की अचानक ब्लूम येतो, म्हणजे पेशींचा भर. पेरूच्या किनाऱ्यावर वारा वरचं पाणी बाहेर ढकलतो आणि खालचं थंड, खताने भरलेलं पाणी वर येत राहतं, म्हणून तिथे मासळी एवढी. नदीच्या मुखाजवळही खत मिळतं पण गाळ फार येतो.

लाटा फुटतात तिथून पाणी घेऊ नका, नुसती वाळू येते. धक्क्याचं टोक किंवा होडी उत्तम. भरती चढत असताना घ्या, तेव्हा बाहेरचं स्वच्छ पाणी आत येत असतं. एकट्याने जाऊ नका आणि ओहोटी-भरतीची वेळ आधी बघून ठेवा, खडकांवर शेवाळ असतं आणि पाय घसरतो, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

जाळीचं म्हणाल तर २० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भोकांचं नायलॉन कापड मिळतं, ते शंकूच्या आकारात शिवायचं, तोंडाला २० ते ३० सेंटिमीटर व्यासाची तारेची रिंग, लांबी तोंडाच्या निदान तिप्पट, आणि टोकाला दोरीने घट्ट बांधलेली छोटी बाटली. लांबी कमी ठेवली तर पाणी कापडातून जायच्या ऐवजी तोंडातूनच परत फिरतं. रिंगला तीन दोऱ्या बांधून त्या एका लांब दोरीला जोडा आणि खाली थोडं वजन लावा म्हणजे जाळी वर तरंगत बसणार नाही. पहिल्यांदा नुसतं करून बघायचं असेल तर नायलॉनचा लांब स्टॉकिंग चालतो, पण त्याची भोकं बरीच मोठी, त्यामुळे त्यात मुख्यतः कोपेपॉड वगैरे प्राणी प्लवक आणि लांब साखळ्याच अडकतील. हळू चालण्याच्या वेगाने ओढा, पाच मिनिटं पुरतात. बाटलीत तपकिरी किंवा हिरवट झाक आली म्हणजे मिळालं.

आणि जाळीशिवाय नुसतं एक बाटली पाणीसुद्धा घ्याच. २० मायक्रॉनपेक्षा लहान सगळं जाळीतून निसटतं, आणि समुद्रातले संख्येने सगळ्यात जास्त जीव नेमके त्याहून लहान असतात, त्यांच्याकडे पुढे येतो.

बाटली काठोकाठ भरू नका, वर हवा राहू दे, झाकण सैल ठेवा, सावलीत आणि गार ठेवून न्या. मी एकदा जाळीतला दाट नमुना बंद बाटलीत उन्हात तासभर ठेवला आणि घरी आल्यावर सगळं मेलेलं, वास सुटलेला, एकही पेशी हलत नव्हती. इतक्या दाट गर्दीत ऑक्सिजन झपाट्याने संपतो. शक्यतो दोन-तीन तासांत बघायला बसा, डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे शेपट्यांनी पोहणाऱ्या पेशी, नाजूक असतात आणि पहिल्या त्याच जातात.

दुसरा भाग टिकवून ठेवायचा तर लुगोल वापरतात, म्हणजे आयोडीन आणि पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण. पाण्याला फिक्या चहाचा रंग येईपर्यंत थेंब थेंब टाका आणि बाटली अंधारात ठेवा. पेशी मरतात, रंगतात आणि आयोडीनमुळे जड होऊन तळाशी बसतात. नुसत्या बाटलीतल्या पाण्यासाठी हा फार कामाचा प्रकार आहे, लुगोल टाकून उंच बाटलीत निदान २४ तास हलवू नका, मग वरचं पाणी बारीक नळीने हळूच काढून टाका आणि तळातलं थेंबभर घ्या. फक्त एक लक्षात ठेवा, अ‍ॅसिड घातलेलं लुगोल असेल तर चुन्याचं कवच असलेल्या पेशींचं कवच विरघळून जातं आणि मग त्या ओळखूच येत नाहीत.

स्लाइड लावताना

एक थेंब, वर कव्हरस्लिप, कडेचं जास्तीचं पाणी टिश्यूने टिपून घ्या. सुरुवात ४० पट किंवा १०० पटीने करा, थेट ४०० वर गेलात तर पळणारं काही सापडत नाही आणि वैताग येतो. या पेशी पारदर्शक असतात म्हणून दिवा पूर्ण उघडा ठेवला तर त्या उजेडात विरघळून जातात, कंडेन्सर (स्टेजखालचं उजेड गोळा करणारं भिंग) त्याच्याखालचा डायफ्राम, म्हणजे उजेड कमीजास्त करायची झडप, बराचसा बंद करा, कडा उठून येतील. त्याहून छान हवं असेल तर काळ्या कागदाची गोल टिकली कापून कंडेन्सरच्या खाली मधोमध बसवा, पार्श्वभूमी काळी होते आणि डायाटम, म्हणजे काचेसारख्या कवचाच्या पेशी, चमकायला लागतात. टिकलीचा आकार दोन-चार वेळा कापून बघावा लागतो.

माप काढायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावर, १८ असा आकडा लिहिलेला असेल तर ४ च्या ऑब्जेक्टिव्हने, म्हणजे स्लाइडजवळच्या भिंगाने, दिसणारं वर्तुळ ४.५ मिलिमीटर रुंद, १० ने १.८ आणि ४० ने ०.४५, म्हणजे साधा भागाकार. मग पेशी वर्तुळाच्या कितव्या भागाएवढी आहे ते बघून मायक्रॉन काढता येतात.

झाल्यावर लेन्स आणि स्टेज गोड्या पाण्याने ओल्या केलेल्या टिश्यूने पुसा. मीठ धातू खातं.

आता दिसतंय ते काय आहे

जाळीतल्या नमुन्यात बहुतेक वेळा आधी डायाटम दिसतात, सोनेरी तपकिरी आणि जागच्या जागी. तपकिरी रंग फ्युकोझँथिन या रंगद्रव्याचा, हिरवं क्लोरोफिल त्याच्याखाली झाकलेलं असतं. कवच सिलिकाचं, म्हणजे काचेचंच म्हणा ना, आणि झाकणाच्या डबीसारखं दोन भागांत, एक थोडा मोठा आणि एक त्यात बसणारा. पेशी दोन होताना प्रत्येकीला जुनी एक बाजू मिळते आणि ती नवी बाजू आतल्या मापाची बनवते, त्यामुळे ज्या पेशीला जुना लहान भाग मिळाला ती आईपेक्षा लहान, तिची पुढची अजून लहान, असं पिढ्यान्पिढ्या बारीक होत जातं आणि मग एका टप्प्यावर लैंगिक प्रजनन होऊन ऑक्सोस्पोर बनतो, कवच टाकून देऊन पेशी पुन्हा पूर्ण मापाची होते. म्हणून एकाच थेंबात एकाच जातीच्या लहानमोठ्या पेशी दिसल्या तर लगेच वेगळ्या जाती समजू नका.

गोल चकती आणि तिच्यावर मधाच्या पोळ्यासारखी नक्षी म्हणजे बहुधा कोसिनोडिस्कस. चौकोनी पेशींची साखळी आणि प्रत्येक कोपऱ्यातून लांब केस निघालेले तो कीटोसेरॉस, हे केस बुडायचा वेग कमी करतात आणि खाणाऱ्याच्या घशाला टोचतात, पण खूप दाट झाले तर माशांच्या कल्ल्यांनाही इजा करतात. बारीक मण्यांची माळ आणि मण्यांच्या मध्ये नाजूक काड्या म्हणजे स्केलेटोनिमा. लांबच लांब सुई, रायझोसोलेनिया. आणि बॅसिलेरिया जिवंत मिळाला तर त्या दिवशी बाकी सगळं सोडून त्याच्यापुढेच बसा, काड्यांसारख्या पेशी एकमेकींना चिकटून असतात आणि एकमेकींवरून सरकत सरकत पूर्ण लांब होतात, परत मिटतात, परत उघडतात, घडीच्या फूटपट्टीसारखं. मेंदू नाही, नस नाही, आणि तरीही हा सगळा मेळ.

जागा सोडून गिरक्या घेत जाणारं काही दिसलं की ते डायनोफ्लॅजेलेट असण्याची शक्यता जास्त. दोन शेपट्या, एक कमरेभोवतीच्या खाचेत फिरते आणि एक मागे सुटलेली, त्यामुळे पेशी गोल गोल फिरत पुढे जाते. डायाटमचा तोडगा असा की ढवळलेल्या पाण्यात भराभर वाढायचं, यांचा तोडगा पोहण्याचा, पाणी शांत झालं आणि वरचं खत संपलं की काही जाती रात्री खाली जाऊन खत घेतात आणि दिवसा उन्हात वर येतात. तीन शिंगं असलेला नांगरासारखा दिसला तर तो सेराटियम, आता बऱ्याच ठिकाणी त्याच्या समुद्री जातींना ट्रायपॉस म्हणतात. आणि सगळे उन्हावर जगतात असं समजू नका, प्रोटोपेरिडिनियमसारखे काही शिकार करतात, स्वतःपेक्षा मोठ्या डायाटमच्या साखळीवर पातळ पडदा टाकून तिला बाहेरच पचवतात. काही जण दोन्ही करतात, दिवसा शेती आणि सापडलं तर शिकार.

पृष्ठभागावर भुशासारखा तपकिरी थर तरंगताना दिसला तर चिमूटभर घेऊन बघा. ट्रायकोडेस्मियम असेल तर धाग्यांच्या जुड्या दिसतील. उष्ण समुद्रात खताची कायमची टंचाई असते तिथे हा सायनोबॅक्टेरिया, म्हणजे उन्हावर जगणारा बॅक्टेरिया, पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायू पकडून त्याचं खत करतो, म्हणजे खालून येण्याची वाटच बघत नाही. माझ्या मते समुद्रातल्या सगळ्या तोडग्यांमध्ये हा सगळ्यात धाडसी.

चुन्याच्या चकत्यांनी मढलेले कोकोलिथोफोर साध्या मायक्रोस्कोपने नीट दिसत नाहीत, सगळ्यात प्रसिद्ध एमिलियानिया हक्सलेई फक्त ५ मायक्रॉनच्या आसपास. पण त्यांचे ब्लूम उपग्रहातून दुधाळ निळे दिसतात, आणि इंग्लंडच्या डोव्हरचे पांढरे कडे मुख्यतः अशाच चकत्यांच्या ढिगातून तयार झालेत, क्रिटेशस काळात, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या काळात.

जे दिसणार नाही तेही धरा

प्रोक्लोरोकॉकस तुम्हाला दिसणार नाही. आकार जेमतेम ०.६ मायक्रॉन. इतका बारीक की १९८०च्या दशकापर्यंत तो आहे हेच कोणाला माहीत नव्हतं, पेनी चिझम आणि रॉबर्ट ओल्सन या समुद्रशास्त्रज्ञांच्या टीमने लेझरसमोरून एकेक पेशी नेणारं फ्लो सायटोमीटर हे मशीन जहाजावर नेलं तेव्हा सापडला, १९८८ साली प्रसिद्ध झालं. उष्ण समुद्रात एका मिलिलिटरमध्ये एक लाखापर्यंत असतो आणि पृथ्वीवरचा संख्येने सगळ्यात जास्त असलेला प्रकाशसंश्लेषी जीव हाच मानतात. म्हणून वहीत आजच्या पाण्यात काहीच नव्हतं असं कधी लिहू नका, लिहायचं तर २० मायक्रॉनच्या वर काही मिळालं नाही असं लिहा. स्वच्छ निळं पाणी म्हणजे रिकामं पाणी नव्हे, तिथे फक्त लहान पेशींचं राज्य असतं, कारण लहान अंगाला आकाराच्या मानाने पृष्ठभाग जास्त, त्यामुळे थोडंसं खतही टिपता येतं.

रात्रीचा एक प्रयोग जरूर करा. ताजा, लुगोल न टाकलेला नमुना पूर्ण अंधार केलेल्या खोलीत ठेवा, पंधरा मिनिटं डोळे सरावू द्या आणि बाटली हळूच हलवा. नॉक्टिल्यूका हा चमकणारा डायनोफ्लॅजेलेट किंवा तत्सम कोणी असेल तर निळ्या ठिणग्या दिसतील, एकेक ठिणगी सेकंदाच्या दहाव्या भागाएवढी. धक्का बसला की पेशीच्या आतल्या बारीक पिशव्यांमध्ये आम्लता वाढते आणि ल्युसिफेरिन हे उजेड देणारं रसायन पेटतं. दिवसा पडदे लावून करून उपयोग होईलच असं नाही, कित्येक जातींचं आतलं घड्याळ असतं आणि त्या फक्त आपल्या रात्रीच चमकतात.

मोजायचं कसं

३० सेंटिमीटर तोंडाची जाळी १० मीटर ओढली तर गणिताने साधारण ७०० लिटर पाणी गाळलं गेलं. प्रत्यक्षात कापड चोंदतं म्हणून कमीच, त्यामुळे जाळीचा नमुना जाती ओळखायला वापरा आणि आकड्यांसाठी बाटलीतलं तळाशी बसवलेलं पाणी घ्या. किती लिटर पाण्याचं किती मिलिलिटर केलं ते लिहून ठेवा, मग एक मिलिलिटर मावणारी सेजविक राफ्टर स्लाइड असेल तर सरळ मोजणी, नसेल तर मोजून घेतलेल्या थेंबातल्या सगळ्या पेशी मोजा. एका जातीच्या ४०० पेशी मोजल्या तर चूक साधारण १० टक्क्यांच्या आत राहते, १०० मोजल्या तर २० टक्के. जास्त मोजायचा कंटाळा येतो हे खरं आहे पण ४० पेशींवरून निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही.

सोबत सेकी डिस्क लावा, पांढरी थाळी दोरीला बांधून सोडायची आणि किती खोलीवर दिसेनाशी होते ते लिहायचं. १८६५ साली अँजेलो सेकी या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने हे सुरू केलं आणि आजही वापरतात. त्याच जागेवर दर आठवड्याला थाळीची खोली आणि पेशींचा आकडा लिहीत गेलात तर दोन-तीन महिन्यांत वहीत डायाटम मागे पडून डायनोफ्लॅजेलेट पुढे येताना दिसू शकतात, आणि तेव्हा ते उजेड वर खत खाली प्रकरण स्वतःच्या आकड्यांत दिसतं.

थेंबातून समुद्राकडे

दररोज एकाचे दोन म्हणजे दहा दिवसांत एकाचे १०२४. मग समुद्र हिरवागार का होत नाही? कारण खाणारे तेवढ्याच वेगाने खातात, आणि त्यात मोठा वाटा कोपेपॉडचाही नाही, तर त्याच स्लाइडवर धावणाऱ्या सिलिएटसारख्या एकपेशीय जीवांचा. शिवाय व्हायरस. प्रत्येक पायरीवर ढोबळमानाने दहावा भागच पुढे जातो, म्हणून एक किलो मोठा मासा म्हणजे खाली शेकडो, कधी हजारो किलो प्लवक.

उरलेलं बुडतं. एकटी बारीक पेशी दिवसाला मीटरभरसुद्धा नीट बुडत नाही, त्या हिशोबाने ३,७०० मीटरच्या सरासरी समुद्रात तळ गाठायला दहा वर्षं लागतील आणि त्याआधीच ती कुजून जाईल. पण पेशी, विष्ठा, चिकट पदार्थ एकत्र होऊन गोळे बनतात, त्याला मरीन स्नो म्हणतात, तो दिवसाला १०० मीटर गेला तर पाच-सहा आठवड्यांत तळाशी. वाटेत बहुतेक खाल्लंच जातं, पण जेवढा कार्बन खोल जातो तेवढा शेकडो वर्षं हवेपासून लांब राहतो.

आता ऑक्सिजनचं. आपला प्रत्येक दुसरा श्वास समुद्राने दिलेला असतो असं सगळीकडे फिरतं, ते मला खटकतं. हे जीव पृथ्वीवर बनणाऱ्या ऑक्सिजनपैकी जवळपास निम्मा बनवतात हे बरोबर, पण त्यातला जवळजवळ सगळा समुद्रातच श्वसनात आणि कुजण्यात संपतो. हवेतला २१ टक्के ऑक्सिजन साठला तो कोट्यवधी वर्षांत, जो थोडासा कार्बन न कुजता गाडला गेला त्याच्या बदल्यात. प्लवकांचं महत्त्व पटवायला असं अर्धवट वाक्य लागत नाही, अन्नसाखळी आणि कार्बन एवढं पुरेसं आहे.

लोखंडाचंही बघा. दक्षिण महासागरात नायट्रेट भरपूर आणि तरी पेशी कमी, कारण लोखंड नाही, हे जॉन मार्टिन या समुद्रशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकाच्या शेवटी मांडलं आणि १९९३ मध्ये प्रशांत महासागरातल्या गालापागोस बेटांजवळ, तशाच लोखंड नसलेल्या पाण्यात, खरंच लोखंड सोडून वाढ मोजली गेली.

पाणी लाल, तपकिरी किंवा गडद हिरवं झालेलं दिसलं तर नमुना हातमोजे घालून घ्या, त्या पाण्यात पोहू नका, आणि तिथले शिंपले कालवं खाऊ नका, शिजवून सुद्धा नाही, कारण ही विषं उष्णतेने जात नाहीत. अलेक्झांड्रियम या डायनोफ्लॅजेलेटमधलं सॅक्सिटॉक्सिन हे विष श्वासाचे स्नायू बंद पाडतं. स्यूडोनिट्झिया या सुईसारख्या डायाटममधलं डोमोइक अ‍ॅसिड १९८७ मध्ये कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड आयलंडच्या शिंपल्यांतून शंभराहून जास्त लोकांना बाधलं, काहींची स्मृती कायमची गेली आणि तिघं दगावले. उलट रंग साधा असला तरी विष असू शकतं, म्हणून मायक्रोस्कोपखाली काही दिसलं नाही म्हणजे खायला सुरक्षित, असा अर्थ कधीच काढू नका.

बघून झालं की न मारलेला नमुना जिथून आणला त्याच पाण्यात सोडा, दुसऱ्या खाडीत नाही. लुगोल टाकलेला परत सोडू नका, तो लेबल लावून ठेवा, तारीख, वेळ, जागा, भरती की ओहोटी, आणि काही महिन्यांनी रंग उडाला की दोन थेंब लुगोल अजून घाला. जाळी गोड्या पाण्यात उलटी करून धुवा आणि सावलीत वाळवा, नाहीतर पुढच्या वेळी मागच्या वेळचेच डायाटम नव्या जागेच्या यादीत येतील.